सिंगल हँड, डॉक्टर वापर

भंडारा जिल्ह्यात जुनी छोटी गाडी घेण्याचा हंगाम धानाच्या चुकाऱ्यावर अवलंबून असतो. हलका धान आधी निघतो, भारी मागाहून निघतो, खरेदी केंद्रावर काटा होतो आणि चुकारा खात्यात कधी पडणार यावर पानटपरीवर तज्ज्ञ आपली मते मांडतात. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या हिशेबाने दोन लाखांची गाडी म्हणजे चौऱ्याऐंशी क्विंटलांहून थोडा जास्त धान, चाळीस किलोच्या कट्ट्यांत मोजला तर दोनशे अकरा कट्टे. जिल्ह्यातला कोणताही शेतकरी हा हिशेब तोंडी करू शकतो. गाडी विकणारा मात्र लाखांतच बोलतो. दोनशे अकरा कट्ट्यांची थप्पी डोळ्यांसमोर आली की अंगणातली गाडी एकदम लहान दिसू लागते, हे त्याला ठाऊक असते.

दीड-दोन लाखांपासून तीन-साडेतीन लाखांपर्यंतच्या पैशात नवी गाडी येत नाही आणि सहा माणसांचे कुटुंब मोटारसायकलवर मावत नाही, म्हणून हा बाजार आहे. गाडी रोज लागत नाही. नागपूरच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांना न्यायचे असते, उन्हाळ्यात लग्ने असतात, दिवाळीनंतर गावोगावची मंडई आणि रात्रीचे नाटक असते. उरलेल्या दिवसांत गाडी ताडपत्रीखाली राहते आणि टपावर कोंबड्या बसतात. तरीही खरेदीदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘ॲव्हरेज किती देते?’ वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला पंधराऐवजी वीस किलोमीटर चालली, तर वर्षाकाठी पन्नास लिटर पेट्रोल वाचते. तेवढ्या पैशात क्लचप्लेटचे काम जेमतेम निघते. पण ‘क्लचप्लेट कधी बदलली?’ हे कोणी विचारत नाही. ॲव्हरेज सांगायला पुरावा लागत नाही आणि क्लचप्लेटचे बिल दाखवावे लागते, त्यामुळे विकणाऱ्यालाही पहिलाच प्रश्न आवडतो.

डिझेलचा मोह याच प्रश्नातून होतो. इतका कमी वापर असणाऱ्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये. इंजेक्टर, पंप आणि टर्बो यांपैकी एकाने जरी मान टाकली तरी दहा वर्षांची इंधनबचत एका दुपारी परत करावी लागते. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये, बीएस-६ लागू होताना, डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे बाजारातली डिझेल स्विफ्ट वयाने त्याआधीचीच असते. ती घेणाऱ्याला एक दिलासा आहे. फियाटच्या कुळातले तेच १.३ लिटरचे इंजिन टाटांच्या व्हिस्टामध्येही बसवले गेले होते, म्हणून ते उघडून पाहिलेला मिस्त्री बहुतेक ठिकाणी सापडतो.

कोणती गाडी घ्यावी याचा निर्णय खरे तर स्पेअर पार्टच्या दुकानात व्हायला हवा. पार्ट भंडाऱ्यात मिळतो, तुमसर-साकोलीत मिळतो, की नागपूरहून एसटीने पार्सल यावे लागते, या एका चौकशीत निम्म्या गाड्या बाद होतात. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षांत तिने खेड्यापाड्यातल्या इतक्या मिस्त्र्यांना शिकवून तयार केले की तिच्या आजारावर औषध नाही असे होत नाही. तिची जागा घेणारी अल्टो २००० सालची, उंच टपाची वॅगनआर १९९९ च्या डिसेंबरातली. वॅगनआरमध्ये गुडघेदुखीच्या माणसाला वाकून शिरावे लागत नाही आणि फेटा बांधलेला नवरदेवही फेट्यासकट बसतो. म्हणून दवाखाना आणि लग्न या दोन्ही खात्यांत तिला पूर्ण गुण द्यावे लागतात. सँट्रो आणि इंडिका दोघी १९९८ च्या, त्यांच्यामागून २००७ ची आय-१० आणि २०११ ची इऑन. यांचेही पार्ट मिळतात, फक्त ह्युंदाईच्या पार्टची किंमत ऐकताना उभे राहू नये.

याउलट शेवरोलेची स्पार्क आणि बीट दिसायला देखण्या आणि भावाने स्वस्त असतात. त्या स्वस्त का, याचे उत्तर कंपनीनेच दिले आहे. तिने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणे बंद केले. फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, डॅटसनने २०२२ मध्ये गाशा गुंडाळला. या गाड्या वाईट नव्हेत. पण पावसाळ्यात लाखांदूरकडे हेडलाइटची काच फुटली आणि ती काच देशात शोधावी लागली, की स्वस्ताईचे सगळे पैसे वसूल होतात.

टाटांची नॅनो हा वेगळा विषय आहे. २००९ मध्ये एक लाखाची गाडी म्हणून ती आली, आणि आज जुन्या बाजारात त्याहून कितीतरी कमी पैशात मिळते. ती पाहायला गेलेला नवशिक्या जाणकार सराईतपणे बोनेट उघडतो, आत स्टेपनी आणि पेट्रोल भरायचे तोंड पाहतो आणि काही क्षण कोणाशीच बोलत नाही. दोन सिलिंडरचे ६२४ सीसीचे इंजिन मागच्या सीटखाली असते. सुरुवातीच्या मॉडेलांना मागून उघडणारी डिक्कीही नव्हती, त्यामुळे सामान मागची सीट पाडून आतूनच ठेवावे लागे. शहरात एकट्याला पुरेल अशी ही गाडी. धानाचे दोन कट्टे टाकून पांदण रस्त्याने न्यायची असेल, तर तिचा विचार सोडलेला बरा.

मॉडेल ठरल्यावर जाहिराती वाचायच्या. जुन्या गाडीच्या जाहिरातीत वाक्ये थोडी आणि ठरलेली असतात: टिपटॉप कंडिशन, नॉन-ॲक्सिडेंटल, पेपर कम्प्लीट, एक रुपयाचे काम नाही, घ्या आणि चालवा. ज्या गाडीत खरोखर एक रुपयाचेही काम नसते, तिच्या मालकाला हे लिहिण्याची गरज पडत नाही, कारण ती शेजाऱ्याने किंवा मेव्हण्याने जाहिरातीआधीच घेतलेली असते. या सगळ्यांवर ‘सिंगल हँड’ आणि ‘डॉक्टर वापर’ ही दोन बिरुदे. डॉक्टरने वापरलेली गाडी निरोगी असते असे जनमत आहे. रात्री-अपरात्री घाईत काढलेली, थंड इंजिनवर दामटलेली आणि सर्व्हिसिंगला वेळ न मिळालेली गाडीही डॉक्टरचीच असू शकते, ही शक्यता जनमताने विचारात घेतलेली नाही.

‘मास्तरची गाडी’ हा त्याच मालिकेतला दुसरा पुरावा. मास्तर सावकाश चालवतात, हिशेबी असतात, डाग पडू देत नाहीत, असा समज. पण भंडारा जिल्ह्यातल्या शाळांत आणि कार्यालयांत नागपूरहून अप-डाऊन करणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. नागपूर-भंडारा अंतर साठेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन एकशेवीस. शाळेचे दोनशेवीस दिवस धरले तर वर्षाला सव्वीस हजार आणि आठ वर्षांत दोन लाखांवर किलोमीटर होतात. अशा गाडीच्या मीटरवर ४१,००० दिसत असतील, तर मास्तरांनी बदलीसाठी अर्ज केला होता की मीटरने, हे विचारावे लागते.

मीटर मागे करणे ही कला जुनी आहे. पूर्वी आकड्यांची चकती हाताने फिरवत, आता लॅपटॉप जोडून आकडा टाकतात. काम अधिक स्वच्छ झाले आहे आणि बोटांना ग्रीस लागत नाही. मीटर खोटे बोलले तरी गाडीचे बाकीचे अवयव त्याच्या कटात सामील नसतात. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झाले आहे का, स्टिअरिंगचा वरचा भाग चकाकतो का, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसले आहेत का, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड खचली आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. चाळीस हजार चाललेल्या गाडीचे पॅडल इतके झिजत नाही. पॅडलचे रबर आणि स्टिअरिंगचे कव्हर दोन्ही कोरे करकरीत असतील, तर शंका दुप्पट करावी.

त्यानंतर टायर. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. याच जिल्ह्यातला शेतकरी बाजारात बैल घेताना धन्याच्या शब्दावर जात नाही. जबडा उघडून आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे हे स्वतः पाहतो, आणि मगच रुमालाखाली हात घालतो. तोच माणूस बैलजोडीच्या कितीतरी पट किमतीची गाडी घेताना टायरला लाथ मारतो आणि समाधानाने मान हलवतो. लाथ मारल्याने टायरचे वय कळत नाही. काचांवरही कंपनीची वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल, तर ती काच कशी गेली हे विचारण्याचा खरेदीदाराला अधिकार आहे. वाळूच्या टिप्परमागे चालून समोरची काच गेली असेल तर चिंता नाही, त्या रस्त्यांवर ते नेहमीचेच आहे. दाराची काच आपोआप जात नाही.

गाडी पाहायला खरेदीदार एकटा जात नाही. सोबत मेव्हणा असतो, ज्याने दोन वर्षांपूर्वी स्वतः गाडी घेतली आणि तेव्हापासून जो जाणकार आहे. एक चुलतभाऊ असतो, ज्याला चालवता येते. एक पोरगा असतो, जो मोबाइलवर त्याच मॉडेलचे भाव काढून वेळोवेळी सर्वांना चुकीच्या वेळी सांगतो. आणि एक ज्येष्ठ असतात, जे गाडीभोवती एक फेरी मारून चहाची वाट पाहत बसतात. मिस्त्री नसतो. पाचशे रुपये घेतो, शिवाय ‘तो खोटच काढते’, अशी त्याच्याविरुद्ध तक्रार असते. खोट काढण्यासाठीच त्याला न्यायचे आहे, हे मेव्हण्याला पटवणे अवघड जाते.

शिष्टमंडळ दार उघडून आपटते आणि आवाज ऐकते. मग एसी लावतात, मग म्युझिक सिस्टीम. एकूण तपासणीतला सर्वांत मोठा वेळ म्युझिक सिस्टीमला जातो, बास चांगला निघाला की निम्मे मत गाडीच्या बाजूने पडते. तोवर विकणारा म्हणतो, ‘पाहाचं कामच नाई जी, आपल्या घरचीच गाडी समजा.’ शिष्टमंडळातले ज्येष्ठ ‘हव जी’ म्हणतात, बिस्किटे येतात, आणि यानंतर बोनेट उघडणे म्हणजे यजमानाचा अपमान केल्यासारखे होते. चहा तपासणीच्या आधी घेऊ नये, हा या प्रकरणातला व्यवहारात सर्वांत जास्त उपयोगी पडणारा नियम.

बॉडी दिवसा उजेडी आणि कोरडी असताना पाहावी. धुतलेल्या ओल्या गाडीवर सगळे रंग सारखेच दिसतात, म्हणून काही गाड्या दाखवण्यापूर्वी नेमक्या धुतल्या जातात. बोनेट आणि मडगार्ड ज्या बोल्टनी बसवलेले असतात, त्यांच्या डोक्यावरचा रंग खरवडलेला असेल, तर ते कधीतरी काढले गेले आहेत. दारांचे रबर बीडिंग ओढून खालच्या पत्र्यावरचे वेल्डिंगचे गोल ठिपके पाहावेत. कंपनीचे ठिपके ठरावीक अंतरावर आणि स्वच्छ असतात, डेंटरचे हात जातील तसे. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवला की जिथे पुट्टी जाड असते तिथे तो धरत नाही. बंपर प्लास्टिकचा असतो आणि तिथे चुंबक कधीच धरत नाही. हे माहीत नसलेल्या एखाद्या जाणकाराने बंपर पुट्टीचा ठरवून सौदा मोडावा, यात नवल नाही.

बंपर बदललेला असणे हा दोष मानू नये. कोका आणि नागझिरा ही दोन अभयारण्ये ज्या प्रदेशात आहेत, तिथे रात्रीच्या रस्त्यावर रानडुकराला वाहतुकीचे नियम समजावता येत नाहीत. पण बंपरमागचा रेडिएटरचा आडवा पट्टा आणि त्याला जोडलेले दोन लांब दांडे सरळ आहेत का, हे टॉर्च लावून पाहावे. ते वाकले असतील, तर तो धक्का डुकराचा नव्हता.

डिक्की उघडून गालिचा उचलावा आणि स्टेपनी काढावी. या जिल्ह्यातल्या गाडीत तिथे धान सापडतो. त्यात काही गैर नाही, पण धानाला कोंब आले असतील तर पाणी कुठून शिरते ते शोधायला हवे. धान आहे तिथे उंदीरही आहे. कोठाराशेजारी उभी राहणारी गाडी मीटरप्रमाणे कमी चाललेली आणि वायरिंगप्रमाणे पार कुरतडलेली असू शकते. चालू गाडीत एखादा दिवा मनाला येईल तेव्हा लागत असेल, तर विकणारा ‘लूज कनेक्शन’ म्हणतो. उंदराच्या कामाला दिलेले ते सभ्य नाव आहे.

पाण्याचा विषय इथे जरा सावकाश घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या पावसाने आणि वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि अंगणातल्या गाड्या अंगणातच बुडाल्या. पुढे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि तिथल्याही अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी बुडाली त्या गावात सहसा विकत नाहीत, कारण शेजाऱ्यांनी ती तरंगताना पाहिलेली असते. भंडाऱ्याची नागपूरला आणि नागपूरची भंडाऱ्याला खपवणे सोयीचे पडते.

अशी गाडी ओळखायची पहिली खूण म्हणजे अत्तर. गाडीत शिरताच मोगऱ्याचा किंवा लिंबाचा उग्र वास आला, तर काचा लावून, एसी बंद ठेवून दहा मिनिटे आत बसावे. मोगरा दमतो आणि खालचा कुबट वास वर येतो. मग सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढावा. विकणारा बाहेर असलेला हातभर पट्टा धुतो, आत गुंडाळलेला धूत नाही, आणि चिखलाची रेघ तिथे जशीच्या तशी असते. सीटखालच्या लोखंडी रुळांवरचा आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवरचा गंज, हेडलाइटच्या आतली धुकट काच, गालिच्याखाली बोटाला लागणारी मऊ माती, यांतले एकही अत्तराने झाकत नाही. बुडालेली गाडी धुऊन सुकवल्यावर चालते, महिनोन्महिने चांगली चालते, आणि मग वायरिंगच्या जोडांत हिरवा गंज चढू लागला की ती एकेक अवयवाने निवृत्त होते. बेडूक ज्या गाडीत सापडला होता ती गाडी ‘एसी चिल्ड’ म्हणून विकली गेल्यास आश्चर्य मानू नये.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. पाहुणे येणार म्हटल्यावर विकणारा गाडी आधीच सुरू करून, पेट्रोल पंपापर्यंत एक चक्कर मारून आणतो, आणि कारण विचारले तर ‘तुमच्यासाठीच हवा भरून आणली’ असे सांगतो. बोनेटला हात लावून तो गरम लागला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता परत जावे. थंड गाडी सेल्फला किती वेळ घेते, सुरू होताना खडखडते का, मागून कसला धूर येतो, यातून बरेच कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, पुढे बोअरचे काम. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते, हा खर्च सहसा आवाक्यातला. हिवाळ्याच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येणारच, पण इंजिन तापल्यावरही पांढरा लोट थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढुरका चिकट थर असेल, तर पाणी आणि ऑइल आत एकत्र झाले आहेत. हेड गॅस्केट गेले, असे मिस्त्री म्हणतो. विकणारा त्याला दव म्हणतो.

चाचणीसाठी विकणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ सुचवतो. चौपदरी, गुळगुळीत रस्त्यावर कोणतीही गाडी चांगली चालते. गाडी गावाकडच्या फुटक्या डांबरी रस्त्यावर न्यावी, म्युझिक बंद, काचा खाली. खड्ड्यात ‘टक’ आवाज आला तर बुश किंवा लोअर आर्म, वळताना ‘कटकट’ आली तर ॲक्सलचा जोड, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली तर अनेक शक्यता आणि सगळ्या खर्चाच्या. क्लचप्लेट पाहायची असेल तर मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. गाडी बंद पडली तर क्लच ठीक आहे. इंजिन घुरघुरत चालू राहिले आणि गाडी जागची हलली नाही, तर प्लेट संपली. आपली गाडी पाहुण्यांच्या हाती बंद पडलेली पाहून विकणारा ओशाळतो आणि ‘असं कधी होत नाई जी’ म्हणतो, तेव्हा त्याला समजवायला हवे की हे चांगले लक्षण होते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असतो, म्हणून तो दलालावर सोपवला जातो, आणि फसवणूक नेमकी तिथे होते. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. आरसीवर उत्पादनाचा महिनाही असतो. डिसेंबरात बनून जानेवारीत नोंदलेली गाडी जाहिरातीत एका वर्षाने तरुण होते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०११ साली नोंदलेली गाडी २०२६ मध्ये घेतली, तर लगेच फिटनेस, पर्यावरण कर आणि नूतनीकरण मागे लागते. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाची फी पाच हजार रुपये झाली. ‘पासिंग करून घ्या, मामुली खर्च आहे’ असे म्हणणाऱ्याने तो मामुली खर्च स्वतः का केला नाही, हे उघड आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का आणि ई-चलनाची थकबाकी किती, हेही मोबाइलवर दिसते. या दोन गोष्टींसाठी भाव पाडता येतो, आणि त्या न पाहिल्यास त्यांचे पैसे वरून भरावे लागतात.

आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सहीचे. दलालांच्या बोलीत याला टीटी म्हणतात. कोऱ्या टीटीवर सही करून गाडी देणे आणि घेणे हा बाजाराचा शिरस्ता आहे. सही एकदा झाली की गाडी तीन हात फिरते आणि आरसीवर नाव पहिल्याचेच राहते. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात अशाच हातोहात फिरलेल्या गाडीबाबत सांगितले, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक. हा निकाल घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याने भिंतीवर लावण्याजोगा आहे. गाडी गेली, पैसे खर्च झाले, आणि तिसऱ्याच तालुक्यातल्या अपघाताची नोटीस घरी आली, असे होऊ शकते.

जिल्ह्याच्या उत्तरेला बालाघाट आणि सिवनी, महामार्गाने पुढे छत्तीसगड. त्यामुळे एमपी आणि सीजी नंबरच्या गाड्या मोहात पाडण्याइतक्या स्वस्त दिसतात. त्यांना मूळ कार्यालयाचे फॉर्म २८ चे ना-हरकत लागते, आणि बारा महिन्यांवर गाडी इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा कर भरून एमएच ३६ नंबर घ्यावा लागतो. कर धरून हिशेब केला की सीमेपलीकडची स्वस्ताई बऱ्याचदा सीमेवरच राहते. विम्याचेही असेच. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीची भरपाई हवी असेल तर पॉलिसी चौदा दिवसांत नावावर करून घ्यावी लागते. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा. तो माणसाला मिळतो, गाडीला नाही, हे विकणाऱ्याला माहीत असूनही तो भाव सांगताना बोनसही धरतो.

भाव शेवटी ठरवायचा, तोही सापडलेल्या दोषांची बेरीज हातात घेऊन. टायर, बॅटरी, क्लच, नंबरप्लेट, नूतनीकरण, असे कागदावर लिहून मांडले की ‘फायनल सांगा’ या निरर्थक वाक्याची गरज राहत नाही. नागपूरचा विक्रेता मध्येच जीएसटीचे नाव काढतो. नोंदणीकृत विक्रेत्याला १८ टक्के कर त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर बसतो, पूर्ण किमतीवर नव्हे, आणि एका माणसाने दुसऱ्याला स्वतःची गाडी विकली तर बसतच नाही. एवढे ऐकवल्यावर जीएसटीचा विषय मागे पडतो आणि पुन्हा चहा येतो.

गाडी घरी येते, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जाते. मग पहिले काम म्हणजे ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कुलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घेणे, आधीच्या मालकाने काहीही सांगितले असले तरी. ८०० सीसीच्या जुन्या अल्टोला टायमिंग बेल्ट असतो आणि के-१० ला चेन. बेल्ट कधी बदलला याचे बिल नसेल, तर तो बदलला नाही असेच धरावे. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइपही पाहून घ्यावेत, कारण वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल त्यांच्या जन्मानंतर आले आहे. यासाठी किमतीचा दहावा भाग बाजूला ठेवलेला असला तर धांदल होत नाही. हे सगळे करायला गाडी अखेर मिस्त्रीकडे जाते. तो बोनेट उघडतो, खाली वाकतो, रेडिएटरच्या पट्ट्यावर बोट फिरवतो, आणि पाना हातात घेण्याआधी विचारतो, ‘केवढ्याले घेतली जी?’ आकडा ऐकून तो काहीच बोलत नाही. मेव्हणा लगेच म्युझिक सिस्टीम लावून दाखवतो.